अर्थमंत्र्याची खुर्ची

दर १ फेब्रुवारीला सकाळी अकरा वाजता देश टीव्हीसमोर बसतो तो प्राप्तिकराचं काय झालं हे ऐकायला. भाषण तास-दीड तासात आटोपतं. पण अर्थमंत्र्याच्या कामाचा जड भाग त्याआधीच उरकलेला असतो. प्रत्येक खातं आपापली मागणी घेऊन येतं, आणि मंत्रिमंडळातल्या सहकाऱ्यांना ‘एवढं जमणार नाही’ असं सांगणं याच मंत्र्याच्या वाट्याला येतं.

तरी तिजोरी त्याच्या एकट्याच्या हातात नसते. कायद्याच्या आधाराशिवाय कर बसवता येत नाही, असं राज्यघटनेचं २६५वं कलम सांगतं. संसदेने विनियोजन विधेयक मंजूर केल्याशिवाय संचित निधीतून पैसा काढता येत नाही. जीएसटी परिषदेचं अध्यक्षपद त्याच्याकडे असतं खरं. पण तिथे केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, राज्यांचं दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश मतं लागतात.

मराठी माणसाच्या मनात या पदाशी चिंतामणराव देशमुखांचं नाव जोडलेलं आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर असलेले देशमुख १९५० मध्ये अर्थमंत्री झाले. १९५५ मध्ये इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली ती त्यांच्या कारकिर्दीत. जानेवारी १९५६ मध्ये वटहुकूम काढून सरकारने आयुर्विमा कंपन्यांचा कारभार ताब्यात घेतला. आधी कुणकुण लागली असती तर विमेदारांचा पैसा इकडचा तिकडे व्हायला वेळ लागला नसता, म्हणून बेत शेवटपर्यंत गुप्त ठेवला होता. त्याच वर्षी मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या प्रश्नावरून देशमुखांनी पद सोडलं.

राष्ट्रीयीकरणातून उभ्या राहिलेल्या आयुर्विमा महामंडळानेच पुढच्या अर्थमंत्र्याची खुर्ची घालवली. १९५७ मध्ये महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपास किमतीचे शेअर घेतले. फिरोज गांधींनी लोकसभेत प्रश्न लावून धरला. गांधी सत्ताधारी पक्षाचेच खासदार, शिवाय पंतप्रधानांचे जावई. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी या व्यवहाराच्या चौकशीसाठी मुंबईत उघड सुनावणी घेतली. ती ऐकायला इतकी गर्दी लोटली की ध्वनिवर्धक लावावे लागले. व्यवहाराला आपली संमती नव्हती, असं अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी सांगत होते. छागलांनी निर्वाळा दिला की सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याचीच. फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला, आणि त्या वर्षीचा अर्थसंकल्प खुद्द नेहरूंना मांडावा लागला. या प्रकरणात सचिव एच. एम. पटेल यांनाही नोकरी सोडावी लागली. हेच पटेल १९७७ मध्ये जनता सरकारचे अर्थमंत्री झाले.

या पदाचा इतिहास वाचताना मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच प्रकरण. सव्वा कोटीच्या खरेदीसाठी अर्थमंत्र्याला जाब द्यावा लागला, कारण विचारणारा एक खासदार अभ्यास करून उभा राहिला होता. आज ही सवय सुटत चालली आहे. खात्यांच्या ज्या मागण्यांवर चर्चा होत नाही त्या अखेरच्या दिवशी एकगठ्ठा मताला टाकतात. संसदेत याला गिलोटीन म्हणतात. २०१८ आणि २०२३ मध्ये लोकसभेत सगळ्याच मागण्या अशा चर्चेविना मंजूर झाल्या. लाखो कोटींच्या खर्चावर एक शब्द नाही!

अर्थसंकल्पाच्या दिवशी कराचा तक्ता जरूर पाहा. पण पुढे महिन्या-दीड महिन्याने मागण्या मताला येतात, तेव्हा आपल्या खासदाराने कोणत्या खात्याच्या खर्चावर तोंड उघडलं, हेही त्याला विचारा.