दगडातली पोकळी मोजायची कशी?

वाळूखडक हातात घेतला की भरीव वाटतो. पण अमेरिकेतल्या ओहायोच्या प्रसिद्ध बेरिया वाळूखडकात साधारण पाचवा हिस्सा पोकळीच असते! ती मोजायची पद्धत मला फार आवडते.

खडकाच्या तुकड्यातली हवा काढून त्यात निळा रंग मिसळलेलं इपॉक्सी रेझिन मुरवतात. ते घट्ट झालं की तुकडा काचपट्टीवर चिकटवून जेमतेम ०.०३ मिलिमीटर जाडी उरेपर्यंत घासतात. आता सूक्ष्मदर्शकाखाली क्वार्ट्झचे कण पारदर्शक आणि मधल्या फटी लख्ख निळ्या दिसतात. फोटो काढायचा, 'इमेजजे' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये निळे पिक्सेल वेगळे करून मोजायचे.

सपाट फोटोवरून घनफळ कसं कळतं? छेदातलं क्षेत्रफळाचं प्रमाण सरासरीने घनफळाइतकंच येतं, हे फ्रेंच भूवैज्ञानिक देलेस यांनी १८४७ मध्येच मांडलं. त्यांनी तर खनिजांचे आकार गिरवून, कथलाच्या वर्खातून कापून चक्क त्यांचं वजन केलं!

खरी मेख आहे निळा नेमका कुठे संपतो हे ठरवण्यात. कणांच्या कडेचे फिकट पिक्सेल पोकळीत धरले की आकडा लगेच फुगतो.

आणि पोकळी आहे म्हणजे पाणी वाहीलच असंही नाही. आपल्या दख्खनच्या बेसॉल्टमध्ये वायूच्या बुडबुड्यांची छिद्रं भरपूर, पण बरीचशी एकमेकांना जोडलेलीच नसतात. कित्येक झिओलाइट खनिजांनी भरलेली. ही जोडणी त्रिमितीत बघायला मायक्रो-सीटी स्कॅन उपयोगी पडतो.