टेबल माउंटन : पायी चढावा असा डोंगर

केप टाउनमध्ये दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. शाळेत शिकून विसरलेली ही गोष्ट टेबल माउंटनच्या प्लाटेक्लिप घळीत शिरलं की अंगाला जाणवते, कारण घळीचं तोंड उत्तरेला आहे. शहराकडून माथ्यावर जाणारी ही सर्वांत सरळ वाट. दगडी पायऱ्या, एकामागून एक वळणं, सावली जवळजवळ नाहीच. सवय असेल तर दोन तास, नसेल तर तीन. म्हणून सकाळी लवकर निघावं.

१९२९ पासून इथे रोपवे आहे. १९९७ मध्ये बसवलेले त्याचे गोल डबे ६५ माणसांना घेऊन, वाटेत सावकाश फिरत, पाचेक मिनिटांत वर नेतात. वयस्कर आई-वडील सोबत असतील तर ही मोठीच सोय. पण गुडघे धड असतील तर चढूनच जा, असा माझा आग्रह आहे, कारण या डोंगराचं खरं वैभव वाटेवर आहे.

आधी दगड पाहा. पायथ्याशी ग्रॅनाइट, त्यावर वालुकाश्माचे आडवे थर. सपाट माथा पाहून सह्याद्रीतली पठारं आठवतात, पण सह्याद्रीचा काळा पाषाण साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. इथला वालुकाश्म गाळ साचून घडलेला आणि त्याहून कितीतरी जुना.

या निकस दगडावर उगवलेल्या झुडपांना ‘फेनबॉस’ म्हणतात. प्रोटिया, एरिका आणि बोरूसारखे दिसणारे रेस्टिओ ही त्यातली मुख्य मंडळी. केपचा हा वनस्पतिप्रदेश २००४ मध्ये जागतिक वारसा ठरला. आपलं कास त्या यादीत आलं ते २०१२ मध्ये, पश्चिम घाटासोबत. दोन्हीकडे माती थोडी आणि फुलांची श्रीमंती अफाट. फेनबॉसची आणखी एक तऱ्हा म्हणजे त्याला अधूनमधून वणवा लागतो. कित्येक झाडांचं बी धुराच्या स्पर्शानेच जागं होतं. म्हणून जळून काळा पडलेला उतार दिसला तर हळहळू नका; पुढच्या पावसानंतर तिथे कोवळी पालवी असते.

सावलीतून चढायचं असेल तर पूर्वेच्या उतारावरचं कर्स्टनबॉश उद्यान गाठा. १९१३ साली स्थापन झालेल्या या उद्यानातून स्केलेटन घळीची वाट निघते. दाट रान, ओलसर खडक, मध्ये लाकडी शिड्या, आणि वर पोचल्यावर चहाच्या रंगाचं पाणी असलेला जलाशय, काठाला पांढरी वाळू. ही वाट निसरडी आहे. तिने चढावं, उतरू नये. जलाशयापासून मॅक्लिअर्स बीकनकडे जाता येतं. १,०८६ मीटर उंचीचं हे सर्वोच्च टोक. खगोलशास्त्रज्ञ थॉमस मॅक्लिअरने पृथ्वीच्या आकाराच्या मोजणीसाठी तिथे दगडांची रास रचली होती.

माथ्यावरून एका बाजूला सिंहाच्या मस्तकासारखा लायन्स हेड, दुसऱ्या बाजूला डेव्हिल्स पीक, समोर टेबल बे आणि त्यात सपाट रॉबेन बेट. नेल्सन मंडेला २७ वर्षांच्या कैदेतली १८ वर्षं त्या बेटावर होते. तिथल्या कैद्यांना समुद्रापलीकडे हाच डोंगर दिसत असे. माथ्यावर कितीही गर्दी असो, या बाजूच्या कड्याशी थोडं थांबा. जवळच्या खडकावर ऊन खात बसलेला डॅसी नावाचा सशाएवढा प्राणी दिसेल. त्याच्या जवळच्या नातलगांत हत्ती येतो, हे सांगितलं तर सोबतची मुलं विश्वास ठेवणार नाहीत, पण ते खरं आहे.

इथला खरा धनी मात्र वारा. उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या हिवाळ्यात, आग्नेयेकडचा वारा समुद्रावरची दमट हवा घेऊन डोंगरावर आदळतो. हवा वर चढते, गार होते, ढग बनतो. तो माथ्यावर पसरून शहराच्या बाजूला ओघळतो आणि खालच्या उबदार हवेत विरून जातो. केपवासी त्याला टेबलावरची चादर म्हणतात. खालून हे दृश्य अतिशय देखणं असतं. वर असणाऱ्याला मात्र काही मिनिटांत दहा पावलांवरची वाट दिसेनाशी होते.

म्हणून एकट्याने चढू नका, निदान चौघं असा. भरपूर पाणी आणि वारा अडवणारं जाकीट घ्या. वाटेवर लुटालूट झालेली आहे, तेव्हा मौल्यवान वस्तू मुक्कामीच ठेवा. निघण्याआधी रोपवे सुरू आहे का ते विचारा, कारण जोराच्या वाऱ्यात तो बंद ठेवतात. आणि वर असताना रोपवे बंद होत असल्याचा भोंगा वाजला, तर फोटो अर्धवट सोडून लगेच स्थानकाकडे परता.