सुट्टीतली कावीळ : मुलांनाच का?

उन्हाळी सुट्टीत गावी जायची तयारी सुरू झाली की सिलिकॉन ओएसिसमधील मैत्रिणी मला हमखास विचारतात, "आजी-आजोबा तेच पाणी पितात, मग कावीळ आमच्याच मुलांना का?"

हिपॅटायटिस 'ए'चा विषाणू दूषित पाण्यातून वा अन्नातून पोटात जातो व यकृताच्या पेशींत वाढतो. तो स्वतः पेशींना फारशी इजा करत नाही. आपल्या रक्तातील टी-पेशी बाधित पेशी हेरून नष्ट करतात. या लढाईत यकृताचे काम मंदावते, बिलिरुबिन रक्तात साठते व डोळे पिवळे दिसतात. सहा वर्षांखालील मुलांत हे बहुधा लक्षणांशिवायच उरकते. मोठ्यांपैकी बहुतेकांना मात्र कावीळ होते.

लढाईनंतर उरलेली प्रतिपिंडे जन्मभर पुरतात. आजी-आजोबांना ती बहुधा बालपणीच मिळालेली असतात. इथल्या स्वच्छ पाण्यावर वाढलेल्या मुलांना नसतात. तीच लसीने मिळतात. प्रतिपिंडे तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून निघण्यापूर्वी किमान दोन आठवडे लस टोचून घ्यावी. दुसरा डोस डॉक्टरांना विचारावा.

हिपॅटायटिस 'ई' हाही पाण्यातूनच येतो, पण 'ए'ची लस त्याला चालत नाही. दिल्लीतील १९५५-५६ ची मोठी साथ त्याचीच होती, हे पुढे उघड झाले. गरोदरपणी, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, तो जिवावर बेतू शकतो. म्हणून मी सांगते, लस घेतली तरी गावी पाणी उकळूनच प्यावे, रस्त्यावरचा बर्फ टाळावा आणि डोळे पिवळे दिसताच झाडपाल्यावर न थांबता डॉक्टर गाठावा.