धावपळ, काळजी आणि हाताबाहेरचा वेळ

चिंता म्हणजे अजून न घडलेल्या गोष्टीसाठी शरीराने आधीच केलेली तयारी. छाती धडधडते, श्वास उथळ होतो, पोटात कालवते आणि लक्ष एकाच गोष्टीवर खिळून राहते. ही तयारी निरुपयोगी नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी तीच माणसाला पुस्तकाशी बसवते. धोका टळल्यावरही ती उतरत नाही, किंवा धोका नेमका कोणता हेच ठरलेले नसताना ती सुरू राहते, तेव्हा त्रास होतो. मुंबईच्या उपनगरांत हा दुसरा प्रकार फार आढळतो. तिथे काळजीला रोजचे वेळापत्रकही मिळालेले असते.

मुलुंड हे मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरचे मुंबई महापालिकेच्या हद्दीतले शेवटचे स्टेशन, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे 31 किलोमीटरवर. लोकल स्टेशनात जेमतेम अर्धा मिनिट थांबते. त्या अर्ध्या मिनिटापासून उलटे मोजत घरातली सकाळ बेतलेली असते: पाणी भरणे, डबे, मुलांची स्कूलबस, स्टेशनपर्यंतची रिक्षा. पाठोपाठ दुसरी गाडी असते हे सगळ्यांना ठाऊक असते. पण ओळखीचा ग्रुप, ठरलेला डबा आणि ऑफिसातली हजेरी त्याच गाडीला बांधलेली असतात. म्हणून एक गाडी चुकली की सबंध सकाळ विस्कटल्यासारखी वाटते. यातला बराचसा वेळ माणसाच्या हातात नसतोच. सिग्नल बिघडतो, रुळांवर पाणी साचते, रविवारी दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असतो. वेळेच्या नियोजनावरची बहुतेक पुस्तके मात्र वाचकाचा सगळा दिवस त्याच्याच मालकीचा आहे असे धरून चालतात.

या पुस्तकांत न सापडणारी एक युक्ती उपनगरी प्रवाशांनी स्वतःच शोधली आहे. तिला ‘रिटर्न’ म्हणतात. मुलुंडचा प्रवासी सकाळी उलट दिशेने पुढच्याच स्टेशनावर, म्हणजे ठाण्याला जातो आणि तिथून सुटणारी स्लो लोकल धरून बसून येतो. मिनिटांच्या हिशेबात हा शुद्ध तोटा. पण धक्काबुक्की चुकते आणि तासाभराची झोप, जप, पुस्तक किंवा मटार सोलणे पदरात पडते. ऑफिसात पोहोचणारा माणूस थकलेला नसतो. मिनिटे जास्त लागली तरी दिवस हलका झाला, हा हिशेब पक्का आहे.

घड्याळाशी असलेले हे नाते जुने आहे. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली पहिली प्रवासी गाडी याच मार्गाने गेली. त्या काळात प्रत्येक शहराची वेळ सूर्यावर ठरे. रेल्वेने मद्रासची वेळ स्वीकारली. ती मुंबईवरही लादण्याचा 1881 साली झालेला सरकारी प्रयत्न लोकांच्या विरोधामुळे दोन वर्षांत मागे घ्यावा लागला. 1906 पासून भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबई महापालिकेने तिच्याहून 39 मिनिटे मागे असलेली ‘मुंबई टाइम’ पुढची कित्येक दशके सोडली नाही. दुसऱ्याच्या घड्याळावर धावायला मुंबईकर एकेकाळी इतके नाखूश होते, हे आज खरे वाटत नाही.

उत्पादकतेचे मोजमापही बाहेरूनच आले. अमेरिकन अभियंता फ्रेडरिक टेलरने 1911 साली कारखान्यातल्या कामाचे शास्त्र मांडले ते हालचाली आणि सेकंद मोजून. जिथे मोजता येणारा माल तयार होतो, तिथे ते बसते. भांडुप-मुलुंडच्या आग्रा रोडवर, म्हणजे आजच्या लाल बहादूर शास्त्री मार्गावर, कारखाने होते तेव्हा पाळी संपली की कामही संपे. आता त्याच उपनगरातली पुष्कळ मंडळी खाडीपुलावरून ऐरोलीच्या आयटी कंपन्यांत जातात. तिथल्या कामाला पाळी असली तरी शेवट नसतो, कारण ते फोनमधून घरी येते. मोजमाप कारखान्याचे आणि काम न संपणारे, या जोडीतून कायमची अपराधी भावना जन्मते. मग माणूस कितीही करो, दिवसाअखेरी काहीतरी राहिलेलेच असते.

थोडा ताण कामाला चांगला, हे पटवायला 1908 सालच्या यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगाचा दाखला हमखास दिला जातो. तो प्रयोग उंदरांवर, विजेचे झटके देऊन केलेला होता. ऑफिसातल्या माणसाला किती ताण मानवतो याचे माप त्यातून काढणे धाडसाचे आहे.

राहिलेल्या कामांविषयीचे संशोधन जास्त उपयोगी पडते. मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक हिने 1927 साली असे मांडले की अर्धवट सुटलेली कामे पूर्ण झालेल्या कामांपेक्षा अधिक लक्षात राहतात. स्मरणाबाबतचा तिचा निष्कर्ष पुढच्या प्रयोगांत सगळीकडे टिकला नाही. पण 2011 साली मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर यांनी एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. अपुरे काम मनात घुटमळत राहते, आणि ते केव्हा, कुठे, कसे करायचे हे नेमके ठरवले की काम तसेच पडून असूनही घुटमळणे कमी होते. 2018 साली अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातल्या एका छोट्या प्रयोगात झोपण्यापूर्वी पाच मिनिटे उद्याच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेली कामे लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटे लवकर झोप लागली. यादी जितकी नेमकी, तितकी झोप लवकर.

यावरून दिसते की मनाला टोचते ते कामाच्या ढिगाइतकेच त्यातले न ठरलेले काम. ‘आईच्या डोळ्यांचे बघायला हवे’ हे यादीत महिनाभर सलत राहते. ‘शनिवारी सकाळी दवाखान्यात फोन करून वेळ घेणे’ हे लिहिले की सलणे थांबते. म्हणून चांगल्या यादीत क्रियापद, वार आणि जागा असते, आणि जे करायचे नाही असे ठरले ते खोडलेले असते. हे खोडणे बहुतेकांना जमत नाही. रंगीत पेने आणि नवी ॲप यांच्यात मात्र भरपूर वेळ जातो.

काही काळज्यांवर करण्याजोगे कामच नसते. नोकरी राहील का, मुलाला प्रवेश मिळेल का, इमारतीचा पुनर्विकास केव्हा मार्गी लागेल, अशा प्रश्नांसाठी मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी 1983 साली एक सोपी पद्धत तपासली. काळजीला रोज अर्ध्या तासाची ठरावीक वेळ आणि ठरावीक जागा द्यायची. इतर वेळी ती आली तर तिची नोंद करून त्या वेळेपर्यंत पुढे ढकलायची. जागा अंथरूण सोडून कोणतीही चालते. मुलुंड पूर्वेच्या चिंतामणराव देशमुख उद्यानातला बाकही. संध्याकाळपर्यंत नोंदीतल्या निम्म्या काळज्या शिळ्या झालेल्या आढळल्या तर नवल नाही.

काळजीच्या मुळाशी जाणारी मांडणी मराठी वाचकांच्या विशेष परिचयाची आहे. अमेरिकन मानसतज्ज्ञ अल्बर्ट एलिस याने 1955 साली विवेकनिष्ठ मानसोपचार सुरू केला. भारतात त्याचा पाया घालण्याचे श्रेय डॉ. कि. मो. फडके यांचे. मुलुंडशेजारच्या ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 साली सुरू केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थने हाच विचार शिबिरे आणि पुस्तकांतून घरोघरी नेला. एलिसच्या मते घटना आणि भावना यांच्या मध्ये दृष्टिकोन उभा असतो. गाडी चुकली ही घटना. ‘वेळेवर पोहोचलो तर बरे’ ही इच्छा; ती मोडली तर चुटपूट लागते. ‘मला उशीर होताच कामा नये, झाला तर माझी किंमत शून्य’ ही मागणी; ती मोडली तर हातपाय गळतात. उपचारात या मागणीला पुरावा विचारला जातो. आकांक्षा तशीच राहते, फक्त तिच्यातला हट्ट जातो.

तरीही दृष्टिकोन बदलून न सुटणारा एक भाग उरतो. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी 289 मिनिटे घालवताना आढळल्या, तर ते काम करणारे पुरुष 88 मिनिटे. रात्री लोकलच्या लेडीज डब्यात निवडली जाणारी भाजी हे कौतुकाच्या फोटोंचे आवडते दृश्य आहे. खरे तर ती सुरू झालेली दुसरी पाळी असते. अशा घरात बाईने श्वासाचे व्यायाम जरूर करावेत, पण उपाय कामाच्या वाटणीत आहे.

चिंता बहुतेक दिवस, सहा महिन्यांहून जास्त काळ, अनेक गोष्टींबाबत आवरता न येता राहिली आणि सोबत झोप बिघडणे, चिडचिड, अंगदुखी, थकवा असला, तर तो आजार असू शकतो. त्यावर विचार आणि वागणूक बदलणारा बोधात्मक वर्तनोपचार आणि औषधे दोन्हींचा उपयोग होतो. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (2015–16) नेहमी आढळणाऱ्या मानसिक विकारांच्या सुमारे 85 टक्के रुग्णांना उपचारच मिळत नसल्याचे दिसले. मुंबईत याचे एक कारण भीती. 1901 पासून ठाण्यात मनोरुग्णालय असल्यामुळे ‘ठाण्याला पाठवा’ ही चेष्टा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली.

उपचाराला मात्र रुग्णालयात राहावे लागतेच असे नाही. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत मनोविकार विभागाची बाह्यरुग्ण सेवा असते. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेल्या टेली-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक 14416 आहे. तो चोवीस तास विनामूल्य चालतो आणि मराठीतही बोलता येते. 29 मे 2018 पासून लागू असलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारालाही शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण देणे बंधनकारक आहे.