फुप्फुसक्षयाचे प्रयोगशालीय निदान

दीर्घकाळ टिकणारा खोकला, ताप, वजन घटणे व थुंकीतून रक्त पडणे या लक्षणांवरून फुप्फुसाच्या क्षयरोगाचा संशय येतो. त्याची निश्चिती मात्र मायकोबॅक्टिरियम ट्युबरक्युलॉसिस हे जंतू थुंकीत (बेडक्यात) आढळल्यावरच होते. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे मँगॅनिजाच्या खाणी आहेत. खाणकामात वा दगडफोडीत सिलिकायुक्त धूळ ज्याच्या फुप्फुसात साचते, त्याला क्षयाचा धोका अधिक असतो; शिवाय धुळीने झालेली विकृती व क्षय यांतील फरक क्ष-किरण चित्रावरून ओळखणे कठीण जाते. अशा वेळी निर्णय थुंकीच्या परीक्षेवरच अवलंबून राहतो.

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी या जंतूचा शोध जाहीर केला. लवकरच झील व नेलसेन यांच्या नावांनी ओळखली जाणारी रंजनपद्धती रूढ झाली. तीत तांबडा रंग घेतलेले जंतू अम्लाने धुतल्यावरही तो सोडत नाहीत व निळ्या पार्श्वभूमीवर स्पष्ट दिसतात. ही परीक्षा स्वस्त असून त्याच दिवशी निष्कर्ष देते. तथापि १ मिलि. थुंकीत सु. ५,००० ते १०,००० जंतू असल्याखेरीज ते सहसा दिसत नाहीत. त्यामुळे लहान मुले, एचआयव्हीबाधित व रोगाच्या आरंभीच्या अवस्थेतील रुग्ण निसटतात. जंतू औषधाला दाद देतील की नाही, हेही कळत नाही.

संवर्धनास १ मिलि. मध्ये १० ते १०० जिवंत जंतू पुरतात, म्हणून इतर परीक्षा याच पद्धतीच्या कसोटीवर पारखतात. अडचण वेळेची आहे. जंतूचे एकदा विभाजन होण्यास १५ ते २० तास लागतात. अंड्यापासून केलेल्या घन माध्यमावर वाढ दिसण्यास तीन ते आठ आठवडे जातात. द्रव माध्यमात ती लवकर दिसते, पण वाढ नाही असे ठरविण्यास ४२ दिवस वाट पाहावी लागते. विदर्भातील संदर्भ प्रयोगशाळा नागपूरला आहे. लाखांदूर किंवा पवनीकडील नमुना उन्हाळ्यात थंड न ठेवता पाठविल्यास वाटेतच इतर जंतू माजतात, क्षयजंतू मरतात आणि आठवडे थांबूनही हाती काही लागत नाही.

जनुकीय परीक्षेत जंतूच्या डीएनएचा विशिष्ट अंश अनेकपट वाढवून ओळखला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये शिफारस केलेली जीनएक्स्पर्ट परीक्षा सु. दोन तासांत जंतू व रिफँपिसिनाला होणारा रोध दोन्ही दाखविते. गोव्यातील कंपनीच्या ट्रूनॅट या संचाला २०२० मध्ये अशीच मान्यता मिळाली. तो विद्युत्‌घटावर चालत असल्याने ग्रामीण आरोग्य केंद्रातही वापरता येतो. नमुन्याचा प्रवासच त्यामुळे टळतो.

तरीही संवर्धन कालबाह्य झाले असे मानणे चूक आहे. डीएनए मृत जंतूंचाही सापडतो. म्हणून उपचार लागू पडत आहेत की नाही, हे जनुकीय परीक्षेवरून ठरवीत नाहीत, त्यासाठी सूक्ष्मदर्शक व संवर्धन यांचाच आधार घेतात. रिफँपिसिनाखेरीज इतर औषधांसाठी वेगळ्या चाचण्या लागतात. रक्तातील प्रतिपिंडांवर आधारलेल्या क्षयचाचण्या अविश्वसनीय ठरल्याने भारतात २०१२ मध्ये त्यांवर बंदी आली.

कोणत्याही पद्धतीत नमुना छातीतून खोकून काढलेला असावा. केवळ लाळ दिल्यास अतिसंवेदनशील परीक्षाही रोग नाही असे सांगते आणि रुग्ण औषधाविना घरी परततो.