हॉकी संघातील खांदेपालट

संघ हरला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एक वाक्य हमखास वाचावयास मिळते : ‘संघात आता आमूलाग्र खांदेपालट झाली पाहिजे.’ हा शब्द आपण मंत्रिमंडळांच्या बातम्यांत इतका झिजविला आहे की, त्यातली पालखी आपल्या दृष्टीआड झाली आहे. भोई चालता चालता खांदा बदलतात. पालखी खाली टेकत नाही, आणि सगळेच भोई एका पावलासरशी बाजूला होत नाहीत. हॉकीच्या संघाविषयी बोलताना ही मूळची पालखी मनासमोर ठेवणे मला फार उपयोगाचे वाटते.

प्रथम संघ म्हणजे काय ते पाहू. मैदानात खेळतात अकरा जण. ऑलिंपिकच्या अलीकडच्या नियमांप्रमाणे मूळ यादीत असतात सोळा. पूर्वी बदली खेळाडूची सोयच नव्हती. उतरलेल्या अकरा जणांनीच शेवटची शिट्टी होईपर्यंत खेळावयाचे, मग कोणाचा पाय मुरगळो की दम लागो. पुढे मोजक्या बदलांची मुभा मिळाली, आणि आता तर कितीही वेळा, खेळ न थांबविता, माणूस बाहेर बोलावता येतो व दुसरा आत पाठविता येतो. आघाडीचा खेळाडू काही मिनिटे जीव तोडून धावतो, बाहेर येऊन पाणी पितो, आणि ताजा होऊन परत जातो. त्यामुळे पहिले अकरा आणि ‘बाकावरचे’ हा भेद जवळजवळ पुसला गेला आहे. सोळावा माणूस कच्चा असेल तर त्याची किंमत पंधराव्यालाच नव्हे, पहिल्यालाही मोजावी लागते, कारण त्याला विश्रांती मिळत नाही.

ऐन स्पर्धेत माणूस बदलण्याची आपल्याकडची सर्वांत नाट्यमय घटना १९३६ सालची. ध्यानचंदांच्या नेतृत्वाखाली संघ बर्लिनला पोहोचला आणि सराव-सामन्यात जर्मनीकडून ४-१ असा हरला. १९२८ आणि १९३२ ची सुवर्णपदके खिशात असलेल्या संघाला हा धक्का लहान नव्हता. कर्णधाराने व व्यवस्थापकांनी काय केले? सगळा संघ मोडला नाही. आघाडीच्या फळीत एक जागा दुबळी आहे एवढे त्यांनी हेरले, आणि हिंदुस्थानात मागे राहिलेल्या अली दारा यांना तातडीने बोलावून घेतले. दारा विमानाने उपांत्य सामन्यापुरते येऊन पोहोचले. फ्रान्सवर १०-० असा विजय मिळाला आणि १५ ऑगस्टला त्याच जर्मनीचा ८-१ असा पराभव झाला. (हेच दारा पुढे १९४८ साली पाकिस्तानच्या ऑलिंपिक संघाचे कर्णधार झाले.) एक माणूस आला म्हणून सगळे घडले, असे मी म्हणणार नाही, परंतु दुखणे नेमके कोठे आहे हे ओळखून तेवढ्याच जागी इलाज केला गेला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

दुसरे उदाहरण १९६० ते १९६४ या चार वर्षांचे. रोमला पाकिस्तानने ०-१ असे हरविले आणि १९२८ पासून सहा वेळा अखंड मिळालेले सुवर्ण गेले. १९६२ च्या जकार्ता येथील आशियाई स्पर्धेतही अंतिम सामना पाकिस्तानने २-० असा जिंकला. त्या काळी आपल्या देशात हॉकीतील पराभव हा केवळ खेळातला पराभव मानला जात नसे, हे त्या पिढीतील श्रोत्यांना सांगावयास नको. तरीही १९६४ साली टोकियोला गेलेला संघ पाहा. गोलरक्षक शंकर लक्ष्मण तेच; १९५६ पासून गोलात उभे असलेले. पृथीपाल सिंग तेच, उधम सिंग तेच. रोमच्या संघातले चरणजित सिंग आता कर्णधार. हरिपाल कौशिक १९५६ च्या संघात होते, १९६० च्या संघात नव्हते, आणि आता परत आले होते. म्हणजे खांदेपालटीत कधी कधी पूर्वी बाजूला झालेला खांदाही पुन्हा पालखीखाली येतो. त्यांच्याबरोबर गुरबक्ष सिंगांसारखे नवे आले, आणि त्या नव्यांत बेळगावचे बंडू पाटील होते, हे आपल्याला विशेष अगत्याने आठवते. अंतिम सामन्यात मोहिंदर लालांनी केलेल्या एकुलत्या एक गोलावर सुवर्ण परत आले. ते मोहिंदर लालही रोमच्या संघातलेच.

पण नेहमीच दोष माणसांचा असतो काय? १९७५ साली क्वालालंपूरला अजितपाल सिंगांच्या संघाने विश्वचषक जिंकला. उपांत्य सामन्यात मलेशियाविरुद्ध आपण १-२ असे मागे होतो आणि वेळ सरत आली होती. तेव्हा बाकावर बसलेल्या अस्लम शेर खानला आत पाठविण्यात आले. त्याने पेनल्टी कॉर्नरवर बरोबरी साधली, जादा वेळेत हरचरण सिंगने विजयाचा गोल केला, आणि अंतिम सामन्यात अशोक कुमारच्या गोलाने पाकिस्तानवर २-१ अशी मात झाली. अस्लमचे वडील अहमद शेर खान १९३६ च्या बर्लिन संघात होते आणि अशोक कुमार तर ध्यानचंदांचा मुलगा. असा हा संघ. दुसऱ्याच वर्षी माँट्रियलला भारत सातवा आला!

एका वर्षात हे खेळाडू म्हातारे झाले नव्हते. बदलले होते ते मैदान. माँट्रियलला ऑलिंपिक हॉकी प्रथमच कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली. गवताच्या मैदानावर चेंडू उडतो, अडखळतो. त्याला काठीशी बांधल्यासारखा खेळवीत नेणे ही तेथे मोठी विद्या असते, आणि ती विद्या आपली होती. कृत्रिम पृष्ठभागावर चेंडू सरळ व वेगाने धावतो. तेथे एकाने तीन जणांना चकविण्यापेक्षा तिघांनी एकमेकांना झटपट चेंडू देणे अधिक फलदायी ठरते, आणि दमसासाला कौशल्याइतकेच मोल येते. अशा वेळी संघात कोण असावा याआधी कोणत्या गुणाचा माणूस असावा हा प्रश्न विचारावा लागतो. आपण तो फार उशिरा विचारला, कारण देशातील बहुसंख्य मुले कित्येक वर्षे गवतावर आणि मातीवरच शिकत होती. १९८० साली मॉस्कोला सुवर्ण मिळाले खरे, पण बहिष्कारामुळे अनेक बलाढ्य संघ तेथे आलेच नव्हते. १९८६ साली लंडनच्या विश्वचषकात बारा संघांत आपण बारावे आलो. या काळात माणसे पुष्कळ बदलली गेली. यादी बदलत होती, घडण बदलत नव्हती.

पराभवानंतर आपण कसे वागतो याचे सर्वांत कटू उदाहरण १९८२ चे आहे. दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत, आपल्याच प्रेक्षकांसमोर, पाकिस्तानने आपल्याला ७-१ असे हरविले. सात गोल झाले म्हणजे मधली फळी तुटली होती, बचाव उघडा पडला होता, हे हॉकी जाणणाऱ्या कोणालाही कळावे. पण राग निघाला तो एकट्या गोलरक्षकावर. मीर रंजन नेगींवर नाही नाही ते संशय घेतले गेले, आणि त्या एका सामन्याची सावली त्यांच्या आयुष्यावर वर्षानुवर्षे पडून राहिली. पुढे १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या संघाच्या गोलरक्षकांना तयार करण्याचे काम याच नेगींनी केले. ज्याला बळीचा बकरा बनविले, त्याच्याजवळ शिकविण्याजोगे पुष्कळ होते.

त्या बँकॉकच्या विजयाचा शेवट मात्र विचित्र झाला. बत्तीस वर्षांनी आशियाई सुवर्ण मिळाले, कर्णधार होता पुण्याजवळच्या खडकीचा धनराज पिल्ले. आणि थोड्याच दिवसांत धनराजसह अनेक अनुभवी खेळाडू संघाबाहेर, प्रशिक्षक कौशिकही पदावरून दूर. हरल्यावर खांदेपालट होते हे समजू शकते. जिंकल्यावर झालेल्या या खांदेपालटीचे पटण्याजोगे कारण मला आजवर सापडलेले नाही. ज्येष्ठांना विश्रांती देण्याची भाषा आमच्या कचेऱ्यांतूनही परिचयाची आहे. तेथे ज्येष्ठतायादी असते, निवृत्तीचे वय ठरलेले असते, आणि कोणी कोणाच्या जागी यावयाचे हे नियमांत लिहिलेले असते. मैदानात यातले काहीच नसते. कोणत्या माणसाची धाव अर्ध्या पावलाने मंदावली हे निवडणाऱ्याने उघड्या डोळ्यांनी पाहावयाचे असते, आणि ते त्या माणसाच्या तोंडावर सांगावयाचे असते. रेल्वे, पोलीस, सेनादले, तेल कंपन्या यांतील नोकरी ज्याला काठीच्या जोरावर मिळाली, त्याच्या घरी हा निर्णय क्रीडापृष्ठावरची बातमी म्हणून पोहोचत नाही. म्हणूनच निवड उघड निकषांवर व्हावी, आणि वगळलेल्याला कारण कळावे, हा माझा आग्रह आहे.

उलट बाजूही आहे. एखाद्या जागेचा पर्याय वेळेवर तयार केला नाही तर काय होते? आजच्या हॉकीत पेनल्टी कॉर्नरला फार महत्त्व आहे. एक जण रेषेवरून चेंडू ढकलतो, दुसरा वर्तुळाच्या टोकाशी थांबवितो, तिसरा तो काठीवर ओढून गोलात फेकतो. या तिसऱ्या कलेला ड्रॅगफ्लिक म्हणतात, आणि ती साधण्यास वर्षे लागतात. २००३ साली आपला ड्रॅगफ्लिकर जुगराज सिंग मोटार अपघातात जबर जखमी झाला. त्याच्या तोडीचा दुसरा तयार नव्हता. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकसाठी अठरा वर्षांच्या संदीप सिंगच्या खांद्यावर ते ओझे आले. आणि ऐन तोंडावर प्रशिक्षकही बदलला गेला. भारत सातवा आला. छत्तीस वर्षांच्या धनराजचे ते चौथे आणि अखेरचे ऑलिंपिक. २००८ साली तर सांतियागोच्या पात्रता स्पर्धेत ब्रिटनकडून ०-२ असे हरून आपण १९२८ नंतर प्रथमच ऑलिंपिकला मुकलो, आणि २०१२ साली लंडनला गेलो ते शेवटचा क्रमांक घेण्यासाठी.

यानंतरची घडण अधिक शहाणपणाने झाली असे मला वाटते. टोकियोच्या ऑलिंपिकसाठी, जे २०२१ साली झाले, प्रशिक्षक ग्रॅहम रीड यांनी सोळा जणांत दहा जण असे घेतले की ज्यांनी पूर्वी ऑलिंपिक पाहिले नव्हते. सुनील, आकाशदीप, रमणदीप ही अनुभवी नावे वगळली गेली. पण गोलात श्रीजेश राहिला, मध्यभागी मनप्रीत राहिला. बदल स्पर्धेपूर्वी झाला, पराभवाच्या रागात झाला नाही. त्याची परीक्षा २५ जुलैला झाली. ऑस्ट्रेलियाने आपल्याला ७-१ असे हरविले. दिल्लीचाच आकडा! या वेळी कोणावर खापर फुटले नाही. तोच संघ पुढचे सामने खेळला आणि ५ ऑगस्टला जर्मनीला ५-४ असे हरवून एकेचाळीस वर्षांनी पदक घेऊन आला. त्या पाचांतले दोन गोल सिमरनजित सिंगचे. तो मूळ सोळांत नव्हताच. राखीव खेळाडूंनाही खेळविण्याची मुभा त्या वर्षी मिळाली म्हणून तो मैदानात होता.

पुढील क्रम झपाट्याने सांगतो. २०२३ साली ओडिशातील विश्वचषकात न्यूझीलंडकडून हार, रीड यांचा राजीनामा, क्रेग फुल्टन यांची नेमणूक, त्याच वर्षी हांगचौला आशियाई सुवर्ण. २०२४ साली पॅरिसला पाच नवे ऑलिंपिकपटू घेऊन पुन्हा कांस्य. तेथे ब्रिटनविरुद्ध अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाले, दहा जणांनी जवळजवळ पाऊण तास किल्ला लढविला, आणि सामना शूटआउटवर जिंकला; परंतु उपांत्य सामन्यात रोहिदासवर बंदी होती आणि जर्मनीने ३-२ असा विजय मिळविला. सोळांतला एक गेला तर काय होते याचा याहून स्पष्ट दाखला नको.

पॅरिसनंतर श्रीजेश निवृत्त झाला. २०२५ च्या जूनमध्ये युरोपात प्रो लीगचे सात सामने आपण ओळीने हरलो, आणि ‘आमूलाग्र खांदेपालट’ हे शब्द पुन्हा छापून आले. सप्टेंबरात राजगीरला दक्षिण कोरियावर ४-१ असा विजय मिळवून याच संघाने आशिया चषक व त्याबरोबर २०२६ च्या विश्वचषकाची पात्रता मिळविली. एवढ्याने जूनचे प्रश्न मिटले असे नाही. पॅरिसला एकट्या हरमनप्रीतने दहा गोल केले होते. तो मैदानाबाहेर असेल त्या दिवशी पेनल्टी कॉर्नर कोण घेणार, आणि मोठ्या सामन्यात तो घेण्याची सवय त्या दुसऱ्याला लहान सामन्यांतून लावली जात आहे काय, हे प्रत्येक यादी जाहीर होताना पाहावे लागेल.