मोटार आपली किल्ली ओळखीनाशी होते तेव्हां

हिंगोलीच्या हळदीच्या बाजारांत अगर औंढा नागनाथाच्या देवळाबाहेर हल्लीं एक नवाच देखावा अधूनमधून दृष्टीस पडतो. मोटार धडधाकट उभी आहे, किल्ली मालकाच्या खिशांत आहे, आणि तरीही दार उघडत नाहीं. दार उघडलेंच तर इंजिन चालू होत नाहीं. समोरच्या पडद्यावर किल्ली सांपडत नसल्याबद्दल इंग्रजी अक्षरें उमटतात. मालक गोंधळतो, भोंवतीं माणसें जमतात; कोणी बॉनेट उघडावयास सांगतो, कोणी गाडी ढकलावयास सरसावतो. वस्तुतः अशा वेळीं इंजिनाचा बहुधा कांहींच दोष नसतो. दोष असतो तो किल्लीच्या पोटांतील, रुपयाच्या नाण्याहून किंचित् लहान अशा एका सेलांत. आणि त्यावरचा तात्पुरता उपाय गाडी बनविणारांनीं त्याच किल्लींत लपवून ठेविलेला असतो. तो ठाऊक नसल्यामुळेंच माणसें रस्त्यावर अडकून पडतात. सेनगांव, कळमनुरी या बाजूच्या खेड्यांपासून कंपनीची कार्यशाळा जवळ नसते, म्हणून ही माहिती विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

प्रथम ही किल्ली चालते कशी तें पाहूं. जुन्या किल्लीचे दांते हीच तिची ओळख असे. नव्या रिमोट किल्लीची ओळख संभाषणानें पटते. आपण दाराच्या मुठीवरील बटण दाबलें कीं गाडी जणूं हळूच विचारते, "तूं कोण?" हा प्रश्न म्हणजे एक अदृश्य विद्युच्चुंबकीय लहर होय. बहुतेक गाड्यांत ती सेकंदाला सुमारें १ लक्ष २५ हजार वेळां आंदोलन पावते. तिचा पल्ला मुद्दामच दोन-तीन हातांचा ठेविलेला असतो, म्हणजे मालक जवळ आल्याखेरीज दार उघडूं नये. किल्लींतील तारेचें वेटोळें ही हांक ऐकतें आणि किल्ली आपला सांकेतिक आंकडा उत्तरादाखल धाडते. हें उत्तर फार वरच्या सुरांत असतें; भारतांतील पुष्कळ गाड्यांत तीं आंदोलनें सेकंदाला सुमारें ४३ कोटी ३९ लक्ष असतात. आंकडा दर वेळीं बदलतो, त्यामुळें एकदां चोरून टिपलेलें उत्तर पुन्हां उपयोगी पडत नाहीं. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनीं १८९५ सालीं कलकत्त्यास अशाच अदृश्य लहरी भिंतीपलीकडे पाठवून दूरची घंटा वाजवून दाखविली होती. त्याच तत्त्वाचें हें आजचें घरगुती रूप होय.

हें संभाषण बिघडण्याचीं मुख्य कारणें चार. उत्तर देणाराचा आवाज बसला असेल. भोंवतीं गलका असेल. विचारणाराच थकला असेल. अगर दोघांपैकीं एकाचें यंत्र मोडलें असेल. तपास याच क्रमानें करावा, कारण पहिलें कारण वारंवार आढळतें आणि त्याचा उपाय सर्वांत स्वस्त आहे.

पहिलें कारण सेल. पुष्कळ किल्ल्यांत 'सीआर २०३२' या नांवाचा सेल असतो. यांतील २० म्हणजे वीस मिलिमीटर व्यास, आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. नव्या सेलाचा दाब तीन व्होल्ट असतो. सेल एकाएकीं मरत नाहीं. तो आधीं सूचना देतो. पूर्वीं वीस पावलांवरून उघडणारें दार पांच पावलांवर येऊन उघडूं लागतें, बटण दोनदोनदां दाबावें लागतें, किल्लीवरील दिवा मंदावतो. हीं चिन्हें दिसतांच सेल बदलावा. बदलतांना धन चिन्हाची बाजू पूर्वीं होती तशीच ठेवावी. किल्ली गाडीलगत टांगून ठेवण्याची संवयही सोडावी. कित्येक गाड्यांत त्या दोघींचें बोलणें रात्रभर चालूं राहून सेल लवकर संपतो.

दुसरें कारण गलका. किल्ली आणि मोबाईल एकाच खिशांत असल्यास, अगर ती चार्जर वा पॉवर बँकेजवळ असल्यास, त्यांच्या लहरींत गाडीची हांक बुडून जाते. धातूच्या डब्यांतील किल्लीलाही ती नीट पोंचत नाहीं. किल्ली वेगळी काढून हातांत धरावी. मोठ्या प्रक्षेपण मनोऱ्याजवळ गाडी एखादे वेळीं ओळख देत नाहीं. तेथें पुढें सांगितलेली युक्ति वापरावी.

तिसरें कारण गाडीची बॅटरी. तिच्यांत वीज नसेल तर गाडी प्रश्नच विचारणार नाहीं. आंतील दिवे मंद आहेत, भोंगा बसका वाजतो, अशीं लक्षणें असल्यास किल्लीला दोष देऊं नये. पूर्ण भरलेली बारा व्होल्टची बॅटरी स्वस्थ असतां सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते.

चौथें कारण मोडतोड. किल्ली पावसांत भिजली, धुण्यांत गेली, किंवा दाराच्या मुठींतील भाग निकामी झाला, तर कार्यशाळेसच जावें लागतें. परंतु जाण्यापूर्वीं घरची दुसरी किल्ली आणून पहावी. ती चालली तर दोष पहिल्या किल्लींत आहे. तीही चालली नाहीं तर गाडींत असण्याचा संभव अधिक. एवढ्या एका परीक्षेनें पुष्कळ निरर्थक खर्च वांचतो.

आतां प्रत्यक्ष अडचणींतील उपाय. बहुतेक रिमोट किल्ल्यांच्या पोटांत धातूची एक साधी किल्ली असते. बाजूचा लहान खटका सरकवितांच ती बाहेर येते. चालकाच्या दाराच्या मुठीपाशीं, कधीं झांकणाखालीं, तिचें छिद्र असतें. अशा रीतीनें दार उघडल्यावर भोंगा वाजूं लागला तर भिऊं नये. नंतर ब्रेक, आणि गिअर हातानें बदलण्याच्या गाडींत क्लच, दाबून धरावा व रिमोट किल्ली इंजिनाच्या बटणास टेकवून तें दाबावें. कांहीं गाड्यांत किल्ली टेकविण्याची जागा निराळी असते. ती गाडीच्या पुस्तिकेंत दाखविलेली असते. मेलेल्या सेलाची किल्ली बोलते कशी, असें कोणी विचारील. मायकेल फॅरेडे यांनीं १८३१ सालीं दाखविलें कीं, बदलत्या चुंबकीय क्षेत्रांत ठेविलेल्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. अगदीं जवळ नेलेल्या किल्लीला गाडीच्या क्षेत्रांतूनच तेवढी वीज मिळते व ती आपलें नांव सांगते.

येथें दोन गोष्टी पालकांनीं विशेष लक्षांत ठेवाव्या. आपल्याकडील उन्हाळ्यांत बंद गाडींतील उष्णता पहिल्या दहा मिनिटांतच सुमारें दहा अंशांनीं वाढूं शकते. आंत मूल असेल आणि दार लगेच उघडत नसेल, तर मिस्त्रीची वाट न पाहतां मुलापासून दूरची कांच फोडावी व १०८ क्रमांकास कळवावें. कांच पुन्हां बसवितां येते. दुसरी गोष्ट बदललेल्या सेलाची. लहान मुलानें तो गिळला व तो अन्ननलिकेंत अडकला, तर ओलाव्यांतून वीज वाहून दोन तासांच्या आंत तेथें खोल जखम होऊं शकते. गाडीला निकामी झालेल्या सेलांतही तेवढी शक्ति उरलेली असते. म्हणून नवे-जुने सेल मुलांच्या हातीं लागूं देऊं नयेत, आणि गिळल्याचा नुसता संशय आला तरी तात्काळ रुग्णालय गांठावें.

विद्यार्थ्यांनीं येत्या सुटींत वडील मंडळींसमवेत तीन गोष्टी शोधून काढाव्या: धातूची किल्ली कोठून निघते, तिचें छिद्र कोठें आहे, आणि रिमोट किल्ली कोठें टेकवावयाची. घरीं मोटार नसल्यास शेजाऱ्यांच्या गाडीवर, त्यांच्या परवानगीनें, हा पाठ गिरवावा. अंधाऱ्या रात्रीं, गाडींत आजारी माणूस असतां, मोबाईलच्या उजेडांत पुस्तिका चाळण्यापेक्षां घरच्या अंगणांत अर्धा तास खर्चणें केव्हांही बरें.